बदामी की अबोली? एका खोलीच्या रंगाचा हिशेब

शाबान महिना लागला की रंगकाम करणाऱ्या आपल्या बांधवांना दम खायला फुरसत मिळत नाही. ईदेच्या आत घर उजळून घ्यावे, घरात लग्न असेल तर निकाहाच्या आधी निदान बैठकीची खोली तरी नवी दिसावी, अशी प्रत्येकाची इच्छा असते. कामे एकदम येतात, माणसे अपुरी पडतात आणि या घाईत सर्वांत कमी वेळ ज्या गोष्टीला दिला जातो ती म्हणजे रंगाची निवड. दुकानात शेडकार्ड उघडायचे, नखाएवढ्या चौकोनावर बोट ठेवायचे आणि ‘हा द्या’ म्हणून मोकळे व्हायचे. चार दिवसांनी भिंती रंगून होतात आणि आतून आवाज येतो, ‘हा तो रंग नव्हेच!’ तेथून जो वाद सुरू होतो तो बहुधा कारागिराच्या मजुरीवर येऊन थांबतो.

निळा की पिवळा असा वाद सहसा होत नाही. त्यात कोणाचीच चूक होत नाही. वाद होतो तो जवळच्या दोन रंगांत आणि त्यातही चित्रकलेच्या भाषेत ज्यांना उष्ण रंग म्हणतात त्यांच्यात, म्हणजे पिवळा, तांबडा, नारिंगी यांच्या फिकट छटांत. बदामी, मोतिया, चंदनी, अबोली ही सगळी एकाच कुटुंबातील भावंडे. कार्डावर शेजारी ठेवली तर फरक बोटाएवढा, पण भिंतीवर गेल्यावर जमीन-अस्मानाचा! सोलापुरातील एका घरी असाच प्रसंग आला होता. तेथे तो ज्या रीतीने निभावला गेला, त्यावरून गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांनाही घेण्यासारखे पुष्कळ आहे.

घर चादरीच्या व्यापाऱ्याचे. थोरल्या मुलाचा निकाह ईदेनंतर ठरलेला. बैठकीची खोली बारा फूट रुंद, चौदा फूट लांब, उंची दहा फूट. पश्चिमेला एकच मोठी खिडकी, खाली करड्या शहाबादी फरशा आणि भिंतींवर बऱ्याच वर्षांपूर्वीचा पोपटी डिस्टेंपर. घरातील बाईंनी अबोली पसंत केला होता, कारण नात्यातील एका घरी तो पाहिला होता. मालकांच्या वृद्ध आईचे म्हणणे बदामीच हवा. मालक दोन्हींच्या मध्ये सापडले. ते रंगारी उस्तादांना म्हणाले, “चाचा, तुम्हीच सांगा आता. तुम्ही सांगाल तो अंतिम.”

अशा वेळी कोणताही कारागीर सुखावतो आणि एक नाव सांगून टाकतो. उस्ताद तसे बोलले नाहीत. “भाईसाहेब, मी सांगितले तर रंग माझा होईल. राहायचे तुम्हाला आहे. मला दोन दिवस द्या, भिंतीलाच विचारू,” असे म्हणून त्यांनी सामान खाली ठेवले.

दोन्ही रंग एकाच मातीचे

या दोन रंगांचे नाते आधी समजून घेतले तर पुढचे सोपे जाईल. आपल्याकडे पूर्वी चुन्यात पिवडी घालून पिवळा हात देत असत आणि खालच्या पट्ट्याला गेरू किंवा काव लावत असत. पिवडी काय आणि गेरू काय, दोन्ही लोहाच्या ऑक्साइडचेच प्रकार आहेत. पिवळ्या मातीत लोहाबरोबर पाण्याचा अंश बांधलेला असतो. ती माती चांगली भाजली की पाणी निघून जाते आणि तीच माती तांबडी होते. अजिंठ्याच्या भिंतींवर जे पिवळे आणि तांबडे रंग आजही टिकून आहेत ते मुख्यतः याच जातीचे.

आजचा रंगारीही तेच करतो, फक्त माती बाटलीतून येते. पांढऱ्या इमल्शनमध्ये यलो ऑक्साइडचे स्टेनर आणि किंचित काळपट छटा घातली की बदामी तयार होतो. त्याच पांढऱ्यात रेड ऑक्साइड किंवा नारिंगी आणि थोडा पिवळा घातला की अबोली. म्हणजे एका बाजूला पिवळ्याचे पारडे जड, दुसऱ्या बाजूला तांबड्याचे. सारा वाद या झुकण्याचा आहे. ते झुकणे उजेडाप्रमाणे, शेजारच्या रंगाप्रमाणे आणि भिंतीच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त होत राहते. म्हणूनच कार्डावर याचा निकाल लागत नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. ऑक्साइडचे पिवळे-तांबडे उन्हाला आणि चुन्याच्या क्षाराला दाद देत नाहीत. भडक पिवळे व नारिंगी रंग ज्या सेंद्रिय रंगद्रव्यांपासून होतात त्यांतील बरेचसे उन्हाने फिके पडतात, शिवाय त्यांची झाकण्याची शक्ती कमी असल्यामुळे एखादा हात जास्त द्यावा लागतो. पश्चिमेच्या उन्हाची भिंत असेल तर दुकानदाराला सरळ विचारावे की या नंबरात कोणते स्टेनर पडते. मशीनवर रंग तयार होतो तेव्हा त्याची यादी दुकानदाराच्या समोरच असते. विचारायला कोणी लाजू नये.

पोपटी भिंतीने केलेला घोळ

उस्तादांनी दोन्ही रंगांचे एकेक लिटर आणले. त्यांचा पुतण्या नवीन, हुशार, पण घाईचा. त्याने उस्ताद येण्याआधीच जुन्या पोपटी भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर पट्टे मारून ठेवले. घरातील सर्वजण पाहायला आले आणि अबोली पाहताच बाईंनीच तोंड फिरवले. रंग अंगावर येत होता, लालभडक भासत होता. “मी हा नव्हता सांगितला,” त्या म्हणाल्या. दुकानदाराने चुकीचा नंबर दिला की काय अशी शंकाही निघाली.

नंबर बरोबर होता. चूक शेजाऱ्याची होती. हिरव्याच्या शेजारी कोणताही तांबूस रंग ठेवला की तो आहे त्यापेक्षा अधिक तांबडा दिसतो. आपले कापडवाले आणि विणकर बांधव हे रोज अनुभवतात. याचा शोध लागला तोही एका गिऱ्हाइकी तक्रारीतूनच. पॅरिसच्या गोब्लें या प्रसिद्ध गालिचा व भित्तिपट कारखान्यात 1824 मध्ये मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रार आली की निळ्या व जांभळ्या भागांजवळ वापरलेले काळे सूत पुरेसे काळे दिसत नाही, रंगाऱ्याने कसूर केली आहे. त्याने सूत तपासले तर रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या रंगांमुळे डोळ्यालाच ते तसे भासत होते. पुढे 1839 मध्ये त्याने या विषयावर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. बिचाऱ्या रंगाऱ्यांवर त्याआधी किती वर्षे ठपका येत राहिला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

उस्तादांना हे पुस्तक ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण गोष्ट ठाऊक होती. त्यांनी पुतण्याला दोन शब्द सुनावले, पोपटी डिस्टेंपर खरवडून काढायला लावला, सगळ्या भिंतींना पांढरा प्रायमर मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्यावर नवे नमुने लावले. तोच डबा, तोच अबोली. आता तो शांत दिसत होता. बाईंनी पुन्हा पाहिले आणि त्यांचे मत पुन्हा अबोलीकडे वळले!

नमुना लावण्याचीही रीत आहे. हातभर पट्टा उपयोगाचा नाही. निदान दोन फूट लांब-रुंद चौकोन हवा, दोन हात पूर्ण हवेत आणि तो संपूर्ण वाळला पाहिजे. ओला इमल्शन दुधाळ दिसतो आणि वाळल्यावर सहसा थोडा गडद होतो. चुन्याचा हात याच्या अगदी उलट, ओला असताना गडद आणि वाळला की फिका. जुन्या चुनेवाल्या कारागिरांची नजर येथे फसते. दोन्ही रंगांचे चौकोन एकमेकांना चिकटवू नयेत, मध्ये पांढरी जागा सोडावी. तसेच एक चौकोन खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि एक खिडकीच्याच भिंतीवर लावावा, कारण खिडकीच्या भिंतीवर उजेड कमीत कमी पडतो आणि तेथे तोच रंग मळका वाटतो. भिंतीला हात लावायचा नसेल तर मोठ्या पुठ्ठ्यावर रंग देऊन तो पुठ्ठा खोलीभर फिरवावा. भाड्याच्या घरात हा उपाय उत्तम.

एवढे करूनही एक गोष्ट नमुन्यात दिसत नाही. चारही भिंती एकाच रंगाच्या झाल्या की एका भिंतीवरचा उजेड तिचा रंग घेऊन दुसरीवर पडतो, दुसरीचा तिसरीवर. असा तो रंग स्वतःलाच गडद करीत जातो. लहान खोलीत हा परिणाम अधिक. यासाठी जाणते कारागीर कार्डावर जो पसंत पडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घ्यायला सांगतात. पिवळ्या आणि तांबूस रंगांच्या बाबतीत तरी हा सल्ला डोळे झाकून मानावा.

दुपार, मगरिब आणि ट्यूब

आता उजेडाकडे वळू. उस्तादांनी घरच्यांना बजावले होते की आज दिवसभरात चार वेळा या भिंतीकडे पाहायचे आणि तोपर्यंत कोणी मत द्यायचे नाही.

सकाळी खोलीत ऊन नव्हते. दोन्ही रंग सौम्य दिसले, थोडा अबोलीच बरा वाटला. दुपारी समोरच्या आकाशाचा पांढरा उजेड आला तेव्हा बदामी स्वच्छ, उजळ दिसू लागला आणि खोली मोठी वाटली. असरनंतर ऊन तिरपे होऊन थेट आत शिरले. मावळतीच्या उन्हातच तांबूसपणा असतो. त्यात अबोली जवळजवळ विटकरी झाला. सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला त्या भिंतीकडे पाहून अंगाला उकाडा जाणवावा, असा. म्हाताऱ्या अम्मा दिवसभर याच खोलीत बसतात. त्या म्हणाल्या, “बेटा, मला या भट्टीत बसवू नकोस.” दिवसाचा निकाल असा बदामीच्या बाजूने लागला.

मगरिबनंतर ट्यूब लावली आणि सगळे उलटे झाले! बदामी हिरवट, आजारी दिसू लागला. समोर बसलेल्याचा चेहराही फिका वाटू लागला. अबोली मात्र माणसांत आला. पाहुणे बहुतेक रात्रीच येतात, निकाहाची बोलणी-बैठका रात्रीच होणार. मालकांनी कपाळाला हात लावला.

हा दोष रंगाचा नव्हता, ट्यूबचा होता. दिव्याच्या उजेडालाही उष्ण-शीत असा भेद असतो आणि तो केल्विन या मापात खोक्यावर छापलेला असतो. जुना पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा. आजच्या एलईडीत 3000 म्हणजे पिवळसर, 4000 म्हणजे मधला आणि 6500 म्हणजे निळसर पांढरा, ज्याला दुकानदार ‘डे-लाइट’ म्हणतो. आपल्या घरांत आणि दुकानांत बहुतेक ठिकाणी 6500 चाच दिवा असतो, कारण तो जास्त लख्ख वाटतो. निळसर उजेडात पिवळ्या छटेचा जीव जातो. त्यात दिवा हलक्या प्रतीचा असेल तर त्याच्या उजेडात तांबड्याचा अंश कमी असतो आणि कोणताच रंग खरा दिसत नाही. हा गुण ‘सीआरआय’ या आकड्याने मोजतात. शंभर म्हणजे पूर्ण खरा, घरासाठी ऐंशीच्या खाली घेऊ नये. कापडाचे, दागिन्यांचे, चपलांचे दुकान असेल तर नव्वदच्या वरचा मिळाल्यास घ्यावा. दिव्यात थोडे पैसे वाचवण्यापायी दुकानातील माल मेलेला दिसणे, हे नुकसान आपल्या कित्येक व्यापारी बांधवांच्या लक्षातच आलेले नाही.

उस्तादांनी शेजारच्या विजेच्या दुकानातून 4000 केल्विनची ट्यूब आणून लावली. बदामीचा हिरवटपणा गेला. अबोली थोडा अधिक लालसर झाला, पण वाईट नाही. म्हणजे रात्री दोन्ही चालतील आणि दिवसा बदामीच चालेल, अशी परिस्थिती झाली. दोन रंगांचा तंटा एका ट्यूबने मिटला, असे म्हणायला हरकत नाही. भिंतीला दोष देण्याआधी दिवा बदलून पाहणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

फरशीचाही यात हात असतो. करडी शहाबादी फरशी खाली असली की वरचा उष्ण रंग अधिकच उष्ण वाटतो. तेथे फिका बदामीही पुरेशी ऊब देतो. खाली लालसर मोझॅक किंवा तांबडा कोबा असता तर हिशेब निराळा झाला असता, कारण तेथे उन्हाचा लालसर उजेड खालूनच भिंतीवर चढतो. एका भिंतीला अबोली आणि तीन भिंतींना बदामी अशीही एक सूचना मुलाने केली. अशी फॅशन आहे खरी, परंतु आमचे मत विचाराल तर इतके जवळचे दोन रंग एका लहान खोलीत घालू नयेत. पाहणाऱ्याला वाटते, कारागिराचा डबा कमी पडला आणि त्याने दुसऱ्या नंबरात काम उरकले.

ओल आणि बदामी

निवड जवळजवळ झाली होती. त्या वेळी उस्तादांनी एक गोष्ट मालकांच्या कानावर घातली. खिडकीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात भिंतीला ओल होती. पोपटी रंग खरवडताना ती उघडी पडली होती. प्रायमरमधूनही पिवळसर तपकिरी डाग वर येऊ लागला होता.

बदामी रंगाची खोड अशी की असा डाग तो सहज पोटात घेतो. अबोलीवर तो लगेच उठून दिसतो, पांढऱ्यावर तर ओरडून सांगतो. घाईच्या दिवसांत कित्येक कारागीर गिऱ्हाइकाला गोड बोलून बदामी किंवा चंदनी याच कारणासाठी घ्यायला लावतात. ईद पार पडते, मजुरी हातात येते आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटू लागतात तेव्हा कारागीर दुसऱ्या गावी असतो.

मदिनेच्या बाजारातील प्रसंग आपणा सर्वांना माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ते कारण खोटे नव्हते. तरीही ओला भाग वर, लोकांना दिसेल असा का ठेवला नाही, हा जाब त्याला द्यावा लागला. भिंतीतील ओल हा आपल्या धंद्यातील ढिगाखालचा ओला थर आहे. त्यावर बदामी मारणे आणि धान्याचा कोरडा थर पसरणे यात फरक काय?

उस्तादांनी मालकांना डागावर हात ठेवायला लावला. खिडकीच्या छज्जाला बाहेरून भेग होती. ती गवंड्याकडून बुजवून, आतला ओला गिलावा काढून नवा करायला हवा होता. नव्या गिलाव्यावर लगेच इमल्शन मारता येत नाही, किमान महिनाभर तो वाळू द्यावा लागतो, नाहीतर क्षाराने रंग खराब होतो. निकाहाला तेवढा वेळ नव्हता. मग असे ठरले की भेग आत्ता बुजवायची, तेवढा तुकडा नुसता पांढरा ठेवायचा, समोर कपाट उभे करायचे आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच डब्यातून तो कोपरा पूर्ण करायचा. उस्तादांनी त्या कोपऱ्याची मजुरी आत्ता घेतली नाही.

नुकसान कोणाचे?

आता पैशाकडे येऊ. या खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्र 520 चौरस फूट. दार, खिडकी आणि भिंतीतील कपाट वजा जाता सुमारे 450. चांगल्या प्रायमरवर दोन हातांना एक लिटर इमल्शन साधारण 120 ते 140 चौरस फूट जाते. म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरतो आणि थोडा उरतो. रंग चुकला तर दुसरा डबा, दोन माणसांचे दोन दिवस आणि पुढच्या कामाची चुकलेली तारीख. मशीनवर एकदा स्टेनर पडलेला डबा दुकानदार परत घेत नाही. लहान कारागिराचा त्या कामातला सगळा नफा एवढ्यातच जातो, बऱ्याचदा पदरचे घालावे लागतात.

शरियतच्या दृष्टीने पाहिले तर मालासकट अंगावर घेतलेले काम हे ‘इस्तिस्ना’ म्हणजे ऑर्डरप्रमाणे वस्तू करून देण्याच्या व्यवहाराच्या जवळ जाते. केवळ मजुरीचे असेल तर तो ‘इजारा’ होतो. इस्तिस्नाबाबत हनफी इमामांत मतभेद होता. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते वस्तू पाहिल्यावर ती नाकारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला राहतो. इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते वस्तू ठरल्या वर्णनाप्रमाणे असेल तर नाकारता येत नाही. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात जो ‘मजल्ला’ हा कायदासंग्रह तयार झाला त्यात दुसरे मत स्वीकारले गेले. दोन्ही पक्षांनी कराराला बांधून राहावे, वर्णनाप्रमाणे काम नसेल तरच गिऱ्हाइकाला निवड. कारागिराचे संरक्षण यातच आहे. प्रत्यक्ष प्रसंगी मसला काय होतो ते आपल्या उलेमांना विचारावे. कोकणातील शाफई बांधवांनी तर अवश्य विचारावे.

परंतु सगळा भार त्या ‘वर्णन’ या शब्दावर आहे. ‘बदामी’ हे वर्णन नव्हे. दहा माणसांच्या मनात दहा बदामी असतात. कंपनीचा नंबर हे त्याहून बरे वर्णन. भिंतीवर वाळलेला, दिवसा आणि रात्री पाहिलेला चौकोन हे सर्वांत पक्के वर्णन. त्या चौकोनाजवळ उभे राहून मालकाने होकार दिला, तो नंबरासह कागदावर उतरला आणि सही झाली की वादाला जागाच उरत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा जो आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे तो आपण नमाजानंतर ऐकतो आणि धंद्यात विसरतो. आपल्यातील कारागीर चिठ्ठी लिहायला संकोचतो. त्याला वाटते, भाईसाहेबांना वाईट वाटेल. भाईसाहेबांना खरे वाईट वाटते ते भिंत बिघडल्यावर.

उस्तादांच्या अंदाजपत्रकात ‘नमुना, दोन रंग, प्रत्येकी एक लिटर’ अशी वेगळी ओळ होती आणि तिचे पैसे मालकांकडे लावलेले होते. याला कोणी खर्चिकपणा म्हणेल. पण पसंत पडलेल्या रंगाचा लिटर कामातच जिरतो. राहिला दुसरा. तो माळ्याच्या आत, कपाटाच्या आत, संडासाच्या दाराच्या वर कोठेही वापरता येतो. इस्राफ होतो तो आख्खा डबा चुकल्यावर.

याच अंदाजपत्रकात आणखी एक ओळ होती, जी आम्ही फार कमी ठिकाणी पाहिली आहे. काही कंपन्यांच्या डब्यांतून रंगाऱ्यासाठी टोकन निघते. त्याचे पैसे किंवा वस्तू रंगाऱ्याला मिळतात. माल गिऱ्हाइकाच्या पैशाचा आणि टोकन कारागिराचे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असेल आणि मान्य असेल तर प्रश्न नाही. पण टोकनासाठी कारागीर स्वस्त डब्याऐवजी महाग डबा सुचवू लागला की सल्ल्याची किंमत संपते. उस्तादांनी लिहिले होते, ‘टोकन निघाल्यास मी ठेवीन.’ मालक हसून म्हणाले, “ठेवा चाचा, तुमचेच आहे.”

जुना पिवळा ऑइलपेंट

खोलीच्या दार-खिडकीच्या चौकटींवर जुना पिवळा ऑइलपेंट होता आणि तो घासून काढायचा होता. येथे आपल्या कारागीर बांधवांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे विस्ताराने.

पूर्वीच्या चकचकीत पिवळ्या आणि नारिंगी ऑइलपेंटमध्ये शिशाचे क्रोमेट हे रंगद्रव्य सर्रास असे. उष्ण रंगांचा तो भडकपणा बहुधा शिशाचा असे. भारत सरकारने 2016 मध्ये घरगुती रंगांतील शिशाबाबत नियम केले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक शिसे असलेल्या अशा रंगांचे उत्पादन व विक्री बंद केली. नवा डबा घेताना त्यावर शिशाबाबतचा मजकूर वाचून घ्यावा. सुट्या, बिननावाच्या पिवळ्या रंगाच्या मोहात पडू नये.

परंतु त्याआधीचा रंग चौकटीवर बसलेलाच आहे. तो कोरडा घासला की धूळ श्वासातून आणि हातातून पोटात जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. गरोदर स्त्रियांनाही त्याचा धोका असतो आणि रोज घासणाऱ्या कारागिराच्या शरीरात तर ते साठत जाते. म्हणून पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासावे. दिव्याने जाळून रंग काढू नये. नाका-तोंडाला चांगला मास्क बांधावा, मुलांना आणि बायकांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावे. खालचा चुरा झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधावा. रोजा असणाऱ्याने इफ्तारीचा खजूर हातात घेण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत आणि कामाचे कपडे घरी मुलांजवळ नेऊ नयेत. उस्तादांच्या पुतण्याला हे सगळे कटकटीचे वाटत होते. उस्तादांनी त्याला पंपाने पाणी मारण्याचेच काम दिले.

अखेर बदामी ठरला, तोही पसंत केलेल्या नंबराहून एक पायरी फिका. बाईंचा अबोली अगदीच वाया गेला नाही. उरलेला लिटर नव्या सुनेच्या खोलीतील भिंतीतल्या कपाटाच्या आत लावला. तेथे ना मावळतीचे ऊन येते ना ट्यूबचा उजेड, आणि दार उघडले की तो छान दिसतो असे त्या स्वतःच सांगतात. बैठकीच्या खोलीतील मीटरच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला उस्तादांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तीवर रंगाचा नंबर, डब्याचा बॅच नंबर, तारीख आणि दुकानाचे नाव आहे. अर्धा लिटर बदामी झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवला आहे, खिडकीखालच्या त्या कोपऱ्यासाठी.